बेरिल ॲक्रिलचा स्लाइस

बेरिल ॲक्रिलला टेनिसमधला एकच फटका येतो, असं समुद्रकाठच्या थॉर्नसी गावातले लोक वर्षानुवर्षं म्हणत आले. ते खरं नव्हतं. तिची सर्व्हिस साधी पण नेमकी होती, नेटजवळ तिचा हात कधी थरथरत नसे, आणि फोरहँडनंही तिनं बऱ्याच जणींना रडकुंडीला आणलं होतं. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो तिचा बॅकहँडचा स्लाइस. वरून खाली कापत नेलेला, नेटच्या पट्टीला घासतो की काय असं वाटायला लावणारा, आणि पलीकडे पडल्यावर उसळायचं सोडून गवतावरून सरपटत जाणारा. समोरची बाई गुडघ्यात वाकून चेंडू कसाबसा उचलायची आणि तो उचललेला चेंडू आयता बेरिलच्या पुढ्यात यायचा. कौतुक करणारे कौतुक करत, पण सूर असा, की बिचारीला शिवणाचा एकच टाका येतो.

तो टाका ती लाँड्रीच्या मागच्या अंगणात शिकली. तिची आई तिथे इस्त्रीवर होती. युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती, समुद्रकाठची हॉटेलं पुन्हा भरू लागली होती, आणि त्यांच्या चादरी अंगणात दोऱ्यांवर ओळीनं वाळत असत. शाळा सुटली की तेरा वर्षांची बेरिल तिथे यायची. कुठल्याशा पाहुण्यानं हॉटेलात टाकून दिलेली एक रॅकेट तिच्याकडे होती आणि पलीकडे विटांची भिंत. चेंडू मारायचा तर चादरींच्या खालून, जमिनीपासून दीड हाताच्या फटीतून. चादरीला डाग पडला की आईच्या हातची एक बसलीच म्हणून समजा. उसळी घेणारा चेंडू चादरीला जाऊन भिडतो आणि कापलेला चेंडू खालून जातो, हे त्या पोरीला तिच्या गालानं शिकवलं.

टेनिस क्लबचा माळी पारगेटर टॉवेल आणि टेबलक्लॉथ टाकायला हातगाडी घेऊन लाँड्रीत येई. एकदा तो गाडी तशीच सोडून कितीतरी वेळ तिला बघत उभा राहिला. मग तिच्या हातातली रॅकेट घेऊन म्हणाला, "कापतेस बरी. पण शेवटाला तोडतेस. आपल्याला लाकडं फोडायची नाहीयेत, पोरी."

त्यानं तिला उभं राहायचं कसं ते दाखवलं. खांदा इतका वळवायचा की पाठ समोरच्याला दिसली पाहिजे. रॅकेट कानाच्या उंचीवर, डाव्या हातानं रॅकेटच्या गळ्याशी, दांडा जाळीला मिळतो तिथे, धरलेली. चेंडू अंगाजवळ येईस्तोवर थांबायचं नाही, पुढ्यातच गाठायचा. मनगट घट्ट. आणि हात खाली जात असला तरी त्यानं खाली संपायचं नाही, जिथे चेंडू पाठवायचा त्या दिशेला लांब जायचं. "पावाला लोणी लावतेस ना? सुरी आत घातलीस तर पाव फाटतो. पसरत न्यायची," तो म्हणाला. बेरिलच्या घरी तेव्हा लोणी रेशनवर होतं, पावावर लागे ते मार्गारिन. पण तिला कळलं.

क्लबात शिरायला मात्र दोन सभासदांची शिफारस लागे आणि पारगेटर सभासद नव्हता, नोकर होता. पाच वर्षं गेली, बेरिलही आईबरोबर लाँड्रीत कामाला लागली. मग एका बुधवारी डॉक्टरांच्या बायकोला डबल्ससाठी चौथी बाई मिळेना, तेव्हा पारगेटरनं बेरिलचं नाव सुचवलं. ती रिकामी जागा भरायला म्हणून गेली आणि राहिली. वर्षअखेरीला तिची वर्गणी घेतली गेली. कुंपणाच्या झाडीमागचं सहा नंबरचं कोर्ट, जिथे दुपारी चारनंतर सावली येऊन गवत ओलसर होई, तेच तिच्या वाट्याला येई. ओलसर गवतावर स्लाइस आणखी खाली राहतो. तिनं तक्रार केली नाही.

एकसष्ट साली ती क्लबच्या अंतिम फेरीत पोचली. समोर हेस्टर फेअरहोम, क्लबच्या अध्यक्षांची मुलगी. दोघी जवळपास एकाच वयाच्या. हेस्टर लंडनला जाऊन शिकून आली होती आणि तिचा खेळ बघायला खरंच सुंदर होता. मोठी, सैल, डौलदार झेप घेणारी रॅकेट, चित्रातल्यासारखी. पण त्या डौलाला चेंडू कमरेच्या उंचीवर लागे. बेरिलनं दीड तासात तो तिला दहा वेळाही तसा दिला नाही.

ऑगस्ट महिना होता आणि समुद्रावरून वारा आडवा येत होता. वाऱ्यात उंच गेलेला चेंडू कुठेही पडू शकतो. खालून गेलेल्याला वारा फारसा शिवत नाही. बेरिल हेस्टरच्या बॅकहँडला लांब, अगदी रेषेपाशी स्लाइस मारत राहिली. तिथून काही वाईट घडत नसे, फक्त हेस्टरला दर वेळी वाकावं लागे. तिसऱ्या-चौथ्या वाकण्याला चेंडू आखूड येई, मग बेरिल तोच फटका चालत-चालत मारून त्याच्या मागून नेटवर जाई. दुसऱ्या सेटमध्ये हेस्टर शहाणी झाली, रेषेच्या मागे जाऊन वाट पाहू लागली. तेव्हा बेरिलनं तीच पाठ वळवून, तीच रॅकेट कानापाशी उचलून, चेंडू नेटच्या पलीकडे नुसता सोडून दिला. हेस्टर धावली, पोचली नाही. सहा-चार, सात-पाच. प्रेक्षकांत टाळ्या पडल्या त्या वळीव पावसाच्या थेंबांसारख्या, इथे दोन, तिथे चार.

चहाच्या तंबूत अध्यक्ष फेअरहोमसाहेबांनी कप दिला आणि दोन शब्द बोलले. मिस ॲक्रिल लाँड्रीत काम करतात, तेव्हा त्यांनी आज आमच्या घरच्यांना नीट पिळून वाळत घातलं यात नवल नाही, असं ते म्हणाले. सगळे हसले. बेरिलही हसली. पुढे आयुष्यभर तिला त्या विनोदापेक्षा आपलं ते हसणं जास्त सलत राहिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काउंटीच्या संघासाठी क्लबातून एक नाव गेलं. ते हेस्टरचं होतं. बेरिलला कुणी कळवलं नाही. पारगेटरनं रोलर ओढता ओढता सांगितलं. निवडकर्त्यांचं म्हणणं असं पडलं होतं, की जिंकणं एक आणि ज्याच्यावर पुढचा खेळ उभारता येईल असा खेळ असणं दुसरं. कापाकापी करून एखादा दिवस निघतो, म्हणे.

"मग मी काय करायचं होतं? हरायचं होतं?" बेरिलनं विचारलं.

"हरली असतीस तर गोड मुलगी म्हणून गेली असतीस कदाचित," पारगेटर म्हणाला आणि रोलर पुढे ओढू लागला. दोन हिवाळ्यांनी तो न्युमोनियानं गेला. त्याच्या अंत्यविधीला क्लबकडून फुलं आली, माणूस आलं नाही.

बेरिल राहिली. क्लब सोडून जावं असं तिच्या मनात कित्येकदा आलं असेल, पण थॉर्नसीत गवताची दुसरी कोर्टं नव्हती. बसवरचा एक कंडक्टर, फार बरा माणूस, तिला दोन वर्षं लग्नाचं विचारत होता. त्याला लेस्टरला बदली मिळाली, ही गेली नाही. आईनं कारण विचारलं तर म्हणाली, तिथे राहायच्या जागेजवळ कोर्ट सिमेंटचं आहे. पुढे मरेपर्यंत आई अधूनमधून "सिमेंटचं" एवढा एकच शब्द उच्चारून ती उसासा टाकायची.

लाँड्री बंद पडली तेव्हा बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. शनिवारी सकाळी क्लबातल्या मुलांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं, कारण दुसरं कुणी लवकर उठायला तयार नव्हतं. कप तिनं आणखी चारदा जिंकला. हेस्टर तोवर लग्न होऊन मिसेस लॅव्हिंग्टन झाली होती आणि स्पर्धेत खेळत नसे. ती आता समितीवर होती.

ऐंशी सालच्या एप्रिलमध्ये हेस्टर आपल्या मुलीला घेऊन सहा नंबरच्या कोर्टावर आली. मुलीचं नाव टॅम्सिन, वय अकरा, गुडघे खरवडलेले. हेस्टरनं हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि मग मुद्द्यावर आली. मुलीचा फोरहँड उत्तम, पण बॅकहँडला सगळे तिला धरतात.

"तुझा तो प्रकार आहे ना, तो शिकव तिला," हेस्टर म्हणाली.

"त्याला स्लाइस म्हणतात, मिसेस लॅव्हिंग्टन."

"हो ना, तेच ते."

बेरिल नाही म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर होते. एवढ्यात त्या पोरीनं कंटाळून एक पडलेला चेंडू रॅकेटच्या कडेनं उचलला, हवेत टोलवला आणि खाली येताना रॅकेटच्या जाळीवर असा झेलला की आवाजसुद्धा झाला नाही. असा हात थॉर्नसीत बेरिलनं कधी पाहिला नव्हता. आपला स्वतःचाही नाही. तिनं ओठांवरचे शब्द गिळले आणि म्हणाली, शनिवारी नको, त्या दिवशी गर्दी असते, मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर पाठवा.

चार वर्षं ती पोर मंगळवारी आणि गुरुवारी येत राहिली. बेरिलला ती "बाई" म्हणायची, शाळेतल्यासारखं. सरावानंतर कोर्ट ओलं झालं की दोघी बेरिलच्या स्वयंपाकघरात बसून हॅम घातलेला पाव खात आणि बेरिल बशीतल्या मिठाच्या-मिऱ्याच्या डब्या सरकवून कोर्ट मांडी. स्लाइस कधी मारायचा नाही, हे तिनं आधी शिकवलं. समोरचा नेटवर येऊन उभा असेल आणि चेंडू तुला वर मिळत असेल, तर कापून काय मिळणार? त्याच्या हातात जेवणाचं ताट दिल्यासारखं ते. धावत बाहेर फेकली गेलीस, श्वास हवाय, तेव्हा मार, उंच आणि लांब, तेवढ्यात मधोमध परत ये. समोरचा उंच असेल, दोन्ही हातांनी बॅकहँड मारणारा असेल, तर खाली ठेव; दोन हातवाल्याला वाकायला जास्त जीव लागतो. आणि नेटवर जायचं असेल तर रेषेला समांतर मार, तिरपा नाही.

"पण बाई, ताकद तर नाहीच त्यात," टॅम्सिन एकदा म्हणाली.

"ताकद समोरचीची वापरायची. ती आणते की घरून."

टॅम्सिन खदखदून हसली होती. तेराव्या वर्षी तिनं काउंटीच्या सोळा वर्षांखालच्या मुलींना हरवलं. निवडकर्ते आता नवे होते. स्लाइस बघून ते म्हणाले, काय दुर्मीळ हात आहे. बेरिल कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. तिला आनंद झाला. त्या आनंदात एक कुसळ होतं, पण आनंद होता.

पंधराव्या वर्षी टॅम्सिनला लंडनजवळच्या सरावकेंद्रात घेतलं. तिथल्या शिक्षकांनी तिचा बॅकहँड दोन हातांचा केला. जोर हवा, चेंडू वर फिरवून मारता आला पाहिजे, काळ बदललाय, असं त्यांचं म्हणणं. स्लाइस अडीअडचणीला ठेवायचा, आग विझवायच्या बादलीसारखा. सुरुवातीला टॅम्सिनची पत्रं यायची, मग नाताळचं कार्ड, मग नाताळचं कार्डही हेस्टरच्या हस्ताक्षरात.

एकोणनव्वदमध्ये क्लबाला शंभर वर्षं झाली. समितीनं पुस्तिका छापली. टॅम्सिन तेव्हा वीस वर्षांची, देशातल्या पहिल्या पंधरा-वीस मुलींत तिचं नाव होतं, आणि आदल्याच उन्हाळ्यात गवतावर एका मोठ्या परदेशी खेळाडूला तिनं स्लाइसनं बेजार करून हरवलं होतं. साहजिकच पुस्तिकेत मधली चार पानं तिच्या मुलाखतीची. बेरिलनं ती क्लबच्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली. समारंभाच्या चहासाठी तिनं सकाळपासून साठ स्कोन भाजले होते आणि हाताला पीठ होतं.

आपला प्रसिद्ध स्लाइस कुठून आला, या प्रश्नाला उत्तर होतं: आईकडून. आमच्या घरचाच फटका आहे तो. आई तिच्या काळात याच कोर्टांवर तो मारायची. खाली एकसष्टच्या अंतिम सामन्याचा फोटो. पांढऱ्या कपड्यांतली हेस्टर, रॅकेट उंचावलेली. शेजारी बेरिलचा उजवा खांदा आणि अर्धा कान. ओळ एवढीच: "एकसष्ट सालची संस्मरणीय लढत." कोण जिंकलं ते लिहिलं नव्हतं.

हेस्टर बाहेर टेबलांवर फुलं मांडत होती. बेरिल पुस्तिका घेऊनच तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे कुणी सांगितलं त्यांना?"

हेस्टरनं चष्मा लावून पान पाहिलं. तिचा चेहरा पडला नाही, लालही झाला नाही. ती फक्त दमलेली दिसली. "मी. टॅम्सिन स्पर्धेला गेली होती, तिच्या वतीनंही मीच उत्तरं दिली."

"तुम्ही कधी मारला होता स्लाइस? त्या दिवशी तर एक नाही."

"त्या दिवशी नाही. त्या दिवसानंतर," हेस्टर म्हणाली. "बेरिल, त्या सामन्यानंतर वीस वर्षं मी घरी गॅरेजच्या दारावर तोच एक फटका मारत होते. दार बदलावं लागलं आम्हाला. नवरा हसायचा. टॅम्सिन बाबागाडीत असल्यापासून तिनं ते पाहिलंय. मला तो कधी तुझ्यासारखा आला नाही, ते सोड. पण घरात तो होता. मी खोटं सांगितलेलं नाही."

बेरिलला हे अपेक्षित नव्हतं. हेस्टर खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पुस्तिका मिटून बेरिल म्हणाली, "मग कुणाकडून शिकलात तेही लिहायचं होतं. दोन शब्द लागले असते."

"कुणाला काय पडलंय त्याचं आता?" हेस्टर म्हणाली. हे ती दुष्टपणानं बोलली नाही. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच ते बेरिलच्या जिव्हारी लागलं.

बेरिलनं स्कोन बाहेर आणून मांडले, कारण ते भाजून झाले होते. मग मुलांच्या रॅकेटी ठेवायच्या खोलीची किल्ली समितीच्या टेबलावर ठेवली आणि बाजूच्या फाटकातून घरी गेली. चौतीस वर्षांचं सभासदत्व तिनं एका ओळीच्या चिठ्ठीनं संपवलं. समितीचं उत्तर आलं, त्यात तिच्या सेवेबद्दल आभार होते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात टॅम्सिनचं पत्र आलं. पाच वर्षांनी, तिच्या स्वतःच्या हातचं. बाई, माझा स्लाइस गेला, असं सरळ पहिल्याच वाक्यात होतं. चेंडू तरंगतो. खाली राहतच नाही, उचलून कुणाला तरी भेट दिल्यासारखा जातो. इथले सगळे म्हणतात, सोडून दे, दोन हात आहेत ना. पण गवतावर ते भागत नाही आणि जूनमध्ये लंडनच्या मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी आहे, तीच माझी शेवटची संधी असेल असं वाटतंय. त्याआधी मिडलंड्समध्ये एक स्पर्धा आहे, तुमच्याकडून बसनं तीन तास. येऊन बघाल का? तुम्हाला दिसेल काय चुकतंय ते. शेवटी एक ओळ: पुस्तिकेचं मला नंतर कळलं, त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

बेरिलनं पत्र चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी तिची नजर शेवटच्या ओळीवर जाऊन अडायची. भेटल्यावर बोलू. म्हणजे काय? चूक झाली असं लिहायला शाई संपली होती? मग ती स्वतःशीच म्हणायची, पोर आहे, लिहिता येत नाही सगळ्यांना सगळं. शेवटी तिनं शाळेतून एक दिवसाची रजा काढली, चांगला कोट घातला, डब्यात पाव घेतला आणि बस पकडली.

ती सगळ्यांत मागच्या बाकावर बसली. तिसऱ्या गेममध्येच तिला चूक दिसली. एवढी साधी, की ती जागेवरून अर्धी उठली. पाच वर्षं दोन हातांनी मारून टॅम्सिनच्या डाव्या हाताला पुढे यायची सवय लागली होती. स्लाइस मारताना तो रॅकेट सोडायचा, पण मागे थांबायचा नाही, अंगाबरोबर पुढे यायचा. डावा हात पुढे आला की छाती उघडते, छाती उघडली की रॅकेटचं तोंड आभाळाकडे होतं, आणि मग चेंडू तरंगणारच. डावा हात मागेच ठेवायचा, पाठीमागे कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. एवढंच. पंधरा मिनिटांचं काम, फार तर अर्ध्या तासाचं.

समोरची मुलगी प्रत्येक तरंगता चेंडू पुढे येऊन मारत होती. टॅम्सिन सरळ दोन सेटमध्ये हरली. नंतर ती बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. हेस्टर तिथे होती, पाण्याची बाटली घेऊन, एका हातानं मुलीची पाठ थोपटत.

बेरिलला कुणी अडवलं नाही. मधे दोरी नव्हती, पहारेकरी नव्हता. तीस पावलं चालायची होती. ती उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, हे सांगितलं की उद्यापासून हेही यांच्या घरचंच होईल. गॅरेजच्या दारावर शिकलेलं.  मग बस चुकेल म्हणून निघाली. बसला अजून दीड तास होता.

उद्या लिहू, असं तिनं बसमध्ये ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत ओव्हन बिघडला. त्यानंतरच्या दिवशी तिनं कागद काढला आणि "प्रिय टॅम्सिन" लिहून परत ठेवला. जून उजाडला. पात्रता फेरीचा निकाल वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत आला: पहिल्याच सामन्यात हार. त्या हिवाळ्यात टॅम्सिननं दोन हातांच्या फटक्यावर सगळा भार टाकून मनगट बिघडवून घेतलं आणि बाविसाव्या वर्षी खेळ सोडला. थॉर्नसीत लोक म्हणाले, दैव. बेरिल त्यांच्यात उभी राहून मान हलवत असे.

सत्त्याण्णव साली, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, सुपरमार्केटमध्ये पावांच्या फळ्यांपाशी टॅम्सिन तिच्यासमोर आली. ती थॉर्नसीला परतली होती आणि घरं विकणाऱ्या एका कचेरीत काम करत होती. अंगात गडद निळा कोट, केस कापलेले. "बाई," ती म्हणाली, आणि दोघींनी आधी हेस्टरच्या तब्येतीचं, हवेचं, समुद्राच्या भिंतीच्या दुरुस्तीचं बोलून घेतलं. बेरिल साठीला आली होती. तिला वाटलं, इतक्यावर निभावेल.

"मी तुम्हाला एकदा पत्र लिहिलं होतं," टॅम्सिन म्हणाली. "पत्ता चुकला असेल. तुम्ही तोवर घर बदललं होतं का?"

पळवाट समोर उघडी होती. पोरीनं स्वतःच्या हातानं दार उघडून धरलं होतं. बेरिल म्हणाली, "नाही. मिळालं मला."

टॅम्सिननं हातातला पाव परत फळीवर ठेवला.

"मी आले होते. बघितलं मी. तुझा डावा हात पुढे येत होता, अंगाबरोबर. तो मागे ठेवायला हवा होता. बाकी सगळं ठीक होतं."

टॅम्सिननं हातातली टोपली खाली ठेवली. फळ्यांमधल्या त्या वाटेत ती आडवी उभी राहिली, खांदा वळवला आणि रिकाम्या उजव्या हातानं हळूच एक फटका मारला. डावा हात तिनं मागे ठेवला. मग पुन्हा एकदा मारला. एक म्हातारा तिला वळसा घालून गेला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"आईनं तुम्हाला पाहिलं होतं त्या दिवशी," टॅम्सिन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती म्हणाली, बेरिल आली होती आणि न बोलता गेली. आमचं त्यावरून केवढं भांडण झालं. मी म्हटलं, तू उगाच काहीतरी बोलतेस, बाई आल्या असत्या तर भेटल्या असत्या. मी तिच्याशी दोन महिने धड बोलले नाही."

बेरिलनं पुस्तिकेचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. फोटोचं, दोन शब्दांचं. पण आठ वर्षांपूर्वी जे तिला एवढं मोठं वाटलं होतं ते त्या क्षणी जिभेवर घेतलं तेव्हा चिल्लर वाटलं, आणि तिनं ते तिथेच सोडलं.

"पुस्तिकेतली चूक मी कबूल करायला तयार होते, बाई. तोंडावर. म्हणून पत्रात लिहिलं नाही," टॅम्सिन म्हणाली. तिनं टोपली उचलली आणि ती पैसे द्यायच्या काउंटरकडे गेली. बेरिललाही तिथेच जायचं होतं. दोघींच्या मधे एकच माणूस होता. टॅम्सिननं मागे वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी बेरिलनं सात वर्षांपूर्वीचं पत्र पुरं केलं. चार पानं झाली. पारगेटर, चादरी, तंबूतलं हसणं, तीस पावलं, बसला उरलेला दीड तास, सगळं तिनं लिहिलं, आणि स्वतःला कुठे सोडलं नाही. पत्ता टॅम्सिनच्या कचेरीचा घातला, म्हणजे आईच्या हातात पडायला नको. पेटीत टाकून आली.

उत्तर आलं नाही. मला उत्तराची अपेक्षा नव्हतीच, असं ती शेजारणीला म्हणे. पण पुढची नऊ वर्षं, मरेपर्यंत, टपाल पडायच्या वेळेला ती पुढच्या खोलीतच असे.